थकव्यानं तुटलेला जोड

या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी म्हणतात, प्रयोगशाळेतलं काहीतरी लिहा, आणि मी दरवर्षी काहीतरी मजेचं लिहून देतो. आलापल्लीकडून हत्तीची साखळी तपासायला घेऊन आलेल्या माणसाबद्दल लिहिलं. त्यानं आमच्या ओढायच्या मशीनला एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, हत्तीपेक्षा जास्त ओढते हे?" मी म्हटलं, "ओढते." तो म्हणाला, "मंग हिचा माहूत कोन?" मी हात वर केला. राइस मिलच्या एका मालकाबद्दलही लिहिलं. तुटलेला शाफ्ट टेबलावर ठेवून तो मला "एवढ्या बारी पास करून द्या ना जी" म्हणून गळ घालत होता. वाचणारे हसले, मलाही बरं वाटलं.

या सगळ्या लिखाणात एक गोष्ट मी टाळत आलो. ती आठवायला लागली की मी मुद्दाम दुसरी आठवायला घ्यायचो. पण ती ज्यांची आहे ते रामटेकेभाऊ गेल्या हिवाळ्यात वारले. माझंही आता वय असं आहे की पुढच्या अंकाचं वचन देऊ नये. म्हणून ती लिहून टाकतो.

चंद्रपूरला धातूंच्या चाचण्या करणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे माझी सगळी नोकरी गेली. काम काय करता असं कोणी विचारलं तर मी सांगायचो, लोक वस्तू बनवतात, मी मोडतो. मोडायचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे वस्तू दोन्ही टोकांनी धरून तुटेपर्यंत ओढायची. हे लवकर होतं, आवाजही मोठा येतो, पाहुण्यांना हेच बघायचं असतं. दुसरा प्रकार कंटाळवाणा आहे, पण माझा जीव त्यातच होता. तार एका झटक्यात हातानं तुटत नाही, पण इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते. लहानपणी हे सगळ्यांनीच केलेलं असतं. प्रत्येक वेळचा जोर थोडाच असतो, पण तो पुन्हा पुन्हा येतो. आत कुठेतरी केसाएवढी चीर पडते आणि ती पुढे सरकत राहते. वरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस अगदी साध्या जोरानं वस्तू मोडते. याला आम्ही थकवा म्हणतो. इंग्रजी 'फटीग' या शब्दाचं ते सरळ भाषांतर. माणूस थकला तर झोपून उठल्यावर ताजा होतो, धातूला ती सोय नाही.

रामटेकेभाऊंची आणि माझी गाठ या दुसऱ्या प्रकारच्या मशीनपाशी पडली. गडचिरोलीला एक संस्था पोलिओ झालेल्यांसाठी कॅलिपर बनवायची. पायाच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली बुटात बसणारा तुकडा, असा तो सांगाडा असतो. पोलिओ गेला, पण लहानपणी तो झालेली माणसं आहेत, कमावती आहेत, शेतात जातात. लोखंडी पट्ट्या चिखलापाण्यात गंजायच्या, म्हणून संस्थेनं स्टेनलेस स्टीलच्या करायचं ठरवलं. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पाण्यासाठीच स्टील आणलं होतं.

या पातळ पट्ट्या वेल्ड केल्या तर उष्णतेनं वाकतात. म्हणून त्यांचं ब्रेझिंग करतात. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडे वितळून एक होतात. ब्रेझिंगमध्ये तुकडे वितळत नाहीत. त्यांच्यामध्ये कागदाएवढी फट ठेवायची, पट्ट्या लाल होईपर्यंत तापवायच्या आणि चांदी मिसळलेल्या धातूची काडी फटीच्या तोंडाशी टेकवायची. काडी वितळते आणि वातीत तेल चढावं तसा तो रस आपोआप फटीत ओढला जातो. आमच्याकडचे जुने कारागीर याला डाग देणं म्हणतात. स्टेनलेसला डाग देणं अवघड, कारण त्याला गंजू न देणारी जी पातळ साल असते तीच डागालाही चिकटू देत नाही. ती साल काढायला सवागीसारखी, म्हणजे टाकणखारासारखी, पांढरी पेस्ट लावावी लागते आणि आच नेमकी धरावी लागते. आच कमी पडली तर रस पसरत नाही, जास्त झाली तर पेस्ट जळून जाते.

रामटेकेभाऊ संस्थेत या आचेवर बसलेले गृहस्थ होते. डोक्याचे केस सगळे पांढरे, अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, आल्यावर दारातूनच "जयभीम, भाऊ" म्हणायचे. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला भाऊ म्हणत, आणि मीही त्यांना. जोडाचे नमुने बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायचे. आणून ठेवले की निघून जात नसत. मशीनसमोर स्टूल घेऊन बसत. मशीन तो जोड पावलाच्या चालीनं वाकवत राहायची, एक वाक म्हणजे एक पाऊल, टक-टक, टक-टक.

"तुटला का जी?"

"नाही. चालतोच आहे."

"आज कुठवर गेला?"

"आजच्या हिशोबानं सिरोंच्याला पोचला असेल."

"मंग परतीच्या गाडीत बसवून द्या त्याले. एवढ्या दूर काऊन पाठवता माह्या लेकराले?"

पुढच्या खेपेला ते दारातूनच विचारायचे, "पोरगं आलं का सिरोंच्याहून?" माझे हाताखालचे लोक हसायचे. मशीनवरच्या त्या नमुन्याला आमच्याकडे सगळेच 'रामटेकेचं पोरगं' म्हणू लागले. पोरगं तुटलं नाही. ओढूनही पाहिलं, तेव्हा जोड राहिला आणि शेजारची पट्टीच फाटली. जोड चांगला असल्याची यापेक्षा मोठी खूण नाही. मी ते फाटकं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधून घरी नेलं.

आता माझं सांगतो. असा जोड पाण्यात ठेवून थकवायची चाचणीही असते. चांदीच्या काडीनं जोडलेलं स्टेनलेस स्टील सतत ओलं राहिलं तर डाग आणि स्टील यांच्यामधून पाणी वाट काढतं आणि डाग हळूहळू सुटतो, हे मी वाचलेलं होतं. पण त्या चाचणीला मशीन फार दिवस अडकते, आणि एका कारखान्याचं मोठं काम रांगेत उभं होतं. मी म्हटलं, कोरडी पुरे. पाण्याचं त्या वेळी आठवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. आठवलं होतं.

नवे कॅलिपर पावसाळ्याच्या तोंडावर वाटले गेले, आणि रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाल्यावर एकेक मोडून परत यायला लागले. सगळे एकाच ठिकाणी, घोट्याजवळच्या जोडावर मोडलेले. संस्थेनं मला गडचिरोलीला बोलावलं. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात धानोऱ्याकडच्या मैनाबाई बसल्या होत्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या काखेत मोडका कॅलिपर. भाताच्या बांधीत कंबर वाकवून रोपं लावताना कॅलिपर मोडला आणि त्या बांधावर पडल्या, मनगट गेलं.

व्यवस्थापक त्यांना विचारत होते, "काय केलं होतं बाई? उडीगिडी मारली होती का?"

"उडी मारता येत असती तं तुमच्या दुकानात आली असती का मी?"

मी तो जोड भिंगाखाली धरला. एका बाजूला डाग स्टीलवरून दुधावरची साय निघावी तसा साफ सुटला होता. जो थोडा भाग धरून राहिला होता त्यावर बारीक वळ्या होत्या, तळ्याचं पाणी उतरताना काठावर उमटतात तशा. त्यावरून सरळ कळत होतं की आधी पाणी शिरलं, अर्धा जोड सुटला, आणि उरलेल्या अर्ध्यावर सगळा भार येऊन तो थकून मोडला. डाग देणाऱ्याच्या हाताची चूक असती तर फटीत रिकाम्या जागा दिसल्या असत्या. तशी एकही नव्हती. रस काठोकाठ भरला होता.

मैनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "स्टील थकलं, बाई."

त्या म्हणाल्या, "रोवणा म्या केला, अन् थकलं हे?"

व्हरांड्याच्या टोकाला रामटेकेभाऊ उभे होते. ते हसले नाहीत. मैनाबाईंच्या प्लास्टरकडे बघत होते.

आत बैठक होती. संस्थेच्या अध्यक्षबाई, निवृत्त शिक्षिका, फार मायाळू. व्यवस्थापक आणि आणखी दोघं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्हाला कळेल असं थोडक्यात सांगा."

मी म्हणालो, "जोड थकव्यानं तुटलेत."

याच्यामागून सांगायचं वाक्य मी बसमध्ये तयार करून ठेवलं होतं. ते इतक्या लवकर थकले कारण त्यांच्यात पाणी शिरलं, आणि पाण्यातली चाचणी मी केली नव्हती. एवढंच. पण पहिल्या वाक्यानंतर मी श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. रामटेकेभाऊ तिथे खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कपाळ पुसत होते.

"मला वाटलंच होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वय झालं हो त्यांचं. थकणारच."

"डोळ्यालेही कमी दिसते आता त्याहीले," व्यवस्थापक म्हणाले.

"कोणी काही बोलू नका त्यांना. खूप केलं त्यांनी आपल्यासाठी. सन्मानानं निरोप देऊ."

मला कळायला वेळ लागला नाही. मी जोडाचा थकवा सांगत होतो, त्यांनी कारागिराचा ऐकला. मराठीत दोन्हीला शब्द एकच, आणि आपल्याकडे 'माणूस थकला' म्हटलं की त्यात वयही येतं, सहानुभूतीही येते. एका वाक्यात ही चूक दुरुस्त झाली असती. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. ती माणसं इतक्या मायेनं चुकत होती की त्या मायेच्या आड मला लपायला जागा मिळाली. मी चहाचा कप उचलला.

निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, दोन शब्द. ते दोन शब्द मला बोलायला सांगितले. मी बोललो. त्यांच्यासारखा डाग देणारा मी पाहिला नाही असं म्हणालो. ते अक्षरशः खरं होतं, आणि म्हणूनच आज सर्वांत जास्त लाज त्याची वाटते. टाळ्या झाल्या. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो. शाल त्यांनी घडी करून काखेत धरली होती आणि दोन्ही तळवे समोर धरून पाहत होते.

"भाऊ, हे कधी थकले, मले समजलंच नाई जी," ते म्हणाले. "सकाळी तं बरे राह्यतात."

मी म्हणालो, "आता आराम करा."

पुढे मी काय केलं तेही सांगायला हवं. मी काडी बदलायला लावली. थोडं निकेल असलेली चांदीची काडी घ्यायची, पेस्ट गरम पाण्यानं धुऊन काढायची, आणि नमुने पाण्यात ठेवून थकवायचे. या वेळी कारखान्याला थांबवलं. त्यानंतर जोड सुटल्याची एकही तक्रार आली नाही. भाऊंच्या जागी आलेल्या माणसाचं कौतुक झालं. नव्या हाताचा गुण, असं व्यवस्थापक मला फोनवर म्हणाले, आणि मी तेही ऐकून घेतलं. माझ्या दुरुस्तीनंच त्यांच्या हातांवरचा ठपका पक्का झाला. संस्थेतली जुनी माणसं हा अंक वाचत असतील तर त्यांच्यासाठी इथे स्पष्ट लिहितो: रामटेकेभाऊंच्या डागात कधीही दोष नव्हता. दोष चाचणीत होता, आणि चाचणी माझी होती.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या गावी गेलो. वैनगंगेच्या काठचं गाव. त्यांना हे सांगायचं, एवढ्याचसाठी गेलो होतो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून उठले, "जयभीम भाऊ, तुमी? इकडे कसा काय रस्ता सापडला?" म्हणाले, आणि आत बायकोला हाक दिली, "लॅबवाले भाऊ आले जी, चंद्रपूरचे."

ते अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागले. सुपारीची पातळ, सारखी पानं पडत होती. हात जराही थरथरत नव्हता. मी त्या हातांकडे बघत सुरुवात शोधत होतो, तेवढ्यात शेजारची एक बाई पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली.

"भाऊजी, बुडाशी गळून राह्यला. एक डाग देऊन द्या ना."

"माह्यानं नाई होत बाई आता. बाजारात ने."

"अजी, एवढासा तं आहे!"

"एवढासाच असते," ते म्हणाले. ती गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सामान देऊन टाकलं म्या सगळं. हात थकले म्हटल्यावर कोनाच्या भांड्याले काऊन लावायचे?"

मग त्यांनी आपणहून विषय काढला. निरोपानंतर ते धानोऱ्याला बस करून गेले होते आणि तिथून चालत मैनाबाईंच्या गावी.

"म्हटलं, बाई, माह्या हातानं तुमचा हात मोडला, माफी करा."

"मग?"

"हासाले लागली ना बाप्पा. म्हणे, माहा हात तं जुळून गेला, तुमी काऊन रडून राह्यले? जेवून जा म्हणे. जेवलो मी तिच्या इथी. तवापासून झोप लागते."

मग कातरलेली सुपारी माझ्यापुढे करून म्हणाले, "तुमालेही सांगायचं होतं भाऊ. माह्यापायी तुमच्या लॅबचं नाव खराब झालं असन. तुमी पास केलं अन् म्या असं केलं."

माझ्या वाटची माफी ते मैनाबाईंच्या दारात जाऊन मागून आले होते, आणि आता माझ्याचपाशी मागत होते. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्यांच्या बायकोनं जेवायला वाढलं. भात, झिंग्यांचं कालवण. त्यांनी माझी माफी मागितल्यावर त्या घरचं जेवायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, मी नाही जेवत, पोट ठीक नाही."

त्या ताट हातात धरून उभ्या राहिल्या. "आमच्या इथलं चालत नाई का तुमाले?"

"तसं नाही हो वहिनी. खरंच पोट…"

"राहू दे ना," भाऊ बायकोला म्हणाले. "नसन बरं त्याहीले." त्या ताट आत घेऊन गेल्या. काय समजल्या ते त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. आणखी एक चुकीचा अर्थ माझ्यामुळे त्या घरात शिरला होता, आणि तो खोडायचा तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

भाऊ मला सोडायला रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत आले. दुरून एसटी दिसली. मला वाटलं, आता नाही तर नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले. कोरडे, गरम, घट्ट हात.

"भाऊ," मी म्हणालो, "मला माफ करा."

ते चकित झाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, त्यांना बरं वाटलं होतं.

"जेवले नाई म्हणून?" ते म्हणाले. "अजी, त्याचं काय एवढं! म्या सांगतो ना तिले."

बस येऊन थांबली होती. कंडक्टर ओरडत होता. त्यांनी माझे हात सोडवून माझ्या पाठीवर थोपटलं, मला पायरीपर्यंत नेलं, आणि मी वर चढल्यावर खालून म्हणाले, "पुढच्या बारी जेवूनच जा."

"हो," मी म्हणालो.